टॅकोमाचं खासगी डिटेन्शन सेंटर: रोजचा एक डॉलर, आणि जबाबदार नक्की कोण?

रानवारा (धागा)

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यातल्या १०४ जणांत महाराष्ट्राचे तिघे होते. तेव्हापासून इथे दोन-चार धाग्यांवर 'डिटेन्शन सेंटर' हा शब्द कधी तुरुंग, कधी छावणी, कधी विमानतळावरची खोली अशा कुठल्याही अर्थाने पडतोय. म्हणून एकच केंद्र घेऊन नीट मांडतो. वॉशिंग्टन राज्यातलं टॅकोमा निवडलं, कारण तिथल्या खटल्यांत या धंद्याची सगळी गुंतागुंत आली आहे.

हे केंद्र २००४ मध्ये सुरू झालं. जागा बंदराला लागून, टाइडफ्लॅट्स भागात. शेजारी कारखाने, रेल्वेचे रूळ आणि प्रदूषित म्हणून सुपरफंड, म्हणजे सरकारने साफ करायच्या विषारी जागांच्या, यादीत गेलेली जमीन. क्षमता १,५७५. पूर्वी नाव नॉर्थवेस्ट डिटेन्शन सेंटर होतं, आता नॉर्थवेस्ट आइस प्रोसेसिंग सेंटर आहे. आइस म्हणजे इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, परदेशी लोकांना धरणारी आणि हद्दपार करणारी केंद्र सरकारची यंत्रणा. 'प्रोसेसिंग' वाचून पासपोर्ट ऑफिस डोळ्यासमोर येतं. पण आत दिवसातून ठरलेल्या वेळी मोजणी, धोक्याच्या वर्गवारीप्रमाणे वेगळ्या रंगाचे कपडे, सामाईक बराक, काचेपलीकडची भेट. इमिग्रेशन कोर्टही त्याच इमारतीत. चालवते फ्लोरिडातली जीईओ ग्रुप ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, पूर्वाश्रमीची वॅकनहट करेक्शन्स.

आतली माणसं शिक्षा भोगत नसतात, हे आधी डोक्यात पक्कं बसवायला हवं. ही दिवाणी स्वरूपाची कोठडी आहे. देशात राहू द्यायचं की नाही याचा निकाल लागेपर्यंत माणूस हाताशी असावा, एवढाच तिचा कायदेशीर हेतू. १८९६ मध्ये वाँग विंग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की हद्दपारीसाठी धरून ठेवता येईल, पण फौजदारी खटल्याशिवाय सक्तमजुरीची शिक्षा देता येणार नाही.

आता कामाचा मुद्दा. आइसच्या २०११ च्या निकषांत 'ऐच्छिक काम' नावाचा कार्यक्रम आहे. दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, आठवड्याला चाळीस. मोबदला 'किमान एक डॉलर रोज'. तासाला नव्हे, रोजचा एक. या पैशांची मुभा १९५० च्या कायद्यात आहे आणि एक डॉलर हा आकडा १९७९ या आर्थिक वर्षाच्या खर्च विधेयकातला. त्यानंतर तो हललेला नाही.

टॅकोमात बंदी, म्हणजे आत कोंडलेली माणसं, स्वयंपाकघरात राबत, कपडे धूत, केस कापत, संडास-न्हाणी आणि बराकी साफ करत, भिंती रंगवत. म्हणजे केंद्र चालायला लागणारी बहुतेक सगळी बिनकौशल्याची कामं. २०१७ मध्ये दोन दावे आले. एक बंदींचा सामूहिक दावा, दुसरा राज्याचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल बॉब फर्ग्युसन यांचा. म्हणणं एकच: हे कामगार आहेत, त्यांना राज्याचं किमान वेतन द्या.

जून २०२१ मध्ये ज्यूरीचं एकमत झालं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने जीईओ हीच मालक असल्याचं ठरवलं आणि दहा हजारांवर बंदींना १ कोटी ७३ लाख डॉलर थकबाकी द्यायला सांगितली. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश रॉबर्ट ब्रायन यांनी राज्याच्या दाव्यात आणखी ५९ लाख लावले, अनुचित लाभाबद्दल, म्हणजे न दिलेल्या वेतनातून कंपनीने कमावल्याबद्दल. एकूण २ कोटी ३२ लाख. जीईओने टॅकोमातला काम कार्यक्रमच थांबवला.

जाणकारांनी पुढे भर घालावी. शिव्याशाप नकोत, माहिती हवी.

---

लिंबूटिंबू

लेख चांगला. एक बाळबोध शंका. तुरुंगातल्या कैद्यांनाही किमान वेतन मिळत नाही. वॉशिंग्टन राज्य स्वतःच्या कैद्यांना तरी कुठे देतं? मग कंपनीवरच का डोळा?

---

बॅरिस्टरपोहे

@लिंबूटिंबू, शंका बाळबोध नाही. जीईओच्या वकिलांचा मुख्य मुद्दा हाच होता.

राज्याच्या किमान वेतन कायद्यात 'कामगार' या व्याख्येला अपवाद आहेत. त्यात राज्य, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा नगरपालिकेच्या सुधारगृहातले, कोठडीतले, उपचारगृहातले रहिवासी, कैदी, रुग्ण येतात. शब्द नीट वाचा. राज्य, काउंटी, नगरपालिका. केंद्र सरकार त्यात नाही, खासगी कंपनी तर नाहीच. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतः उत्तर न देता हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. कायदा राज्याचा, तेव्हा त्याचा अर्थही राज्याच्या न्यायालयाने लावावा, ही तिथली रीत. २१ डिसेंबर २०२३ ला उत्तर आलं: खासगी केंद्रातल्या बंदींना अपवाद लागू नाही, ते कामगारच.

मग जीईओचा दुसरा पवित्रा. आम्ही केंद्र सरकारचं काम करतो, म्हणून राज्याचा कायदा आम्हाला लावणं म्हणजे केंद्र सरकारला लावणं. १६ जानेवारी २०२५ ला नवव्या सर्किटने दोन विरुद्ध एक मतांनी हे फेटाळलं. किमान वेतन राज्यातल्या सगळ्याच खासगी मालकांना लागू आहे. केंद्र सरकारशी करार केलेल्यांना वेगळं काढून छळलेलं नाही. शिवाय आइसबरोबरच्या करारातच लिहिलंय की कंपनीने लागू असलेले केंद्र, राज्य आणि स्थानिक कामगार कायदे पाळावेत. आणि निकषांत 'किमान एक डॉलर' आहे, 'जास्तीत जास्त' नव्हे. आइस कंपनीला माणशी रोज एकच डॉलर परत देतं हे खरं. पण वरचं कंपनीने आपल्या खिशातून द्यायला बंदी नव्हती.

हिशेबच करून बघा. २०२१ मध्ये वॉशिंग्टनचं किमान वेतन तासाला १३.६९ डॉलर होतं. आठ तासांचे १०९ डॉलर ५२ सेंट. दिला एक. उरलेल्या १०८ डॉलर ५२ सेंटसाठी एवढं रामायण. आणि १ कोटी ७३ लाख दहा हजारांत वाटले तर सरासरी माणशी सतराशेच्या आसपास येतात. कुणी लॉटरी जिंकलेलं नाही.

---

मिरजमळा

'ऐच्छिक' या शब्दावर कुणीच बोललं नाही.

---

बॅरिस्टरपोहे

टॅकोमाच्या खटल्यात तो मुद्दा लागतच नाही. किमान वेतनासाठी काम जबरीचं होतं हे दाखवावं लागत नाही. हौसेने केलं तरी वेतन द्यावंच लागतं.

जबरीचा दावा कोलोरॅडोतल्या ऑरोरा केंद्राचा. तेही जीईओचंच, दावा २०१४ चा. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांत त्या हमखास एक होतात. पहिली, एक डॉलरवाला ऐच्छिक कार्यक्रम. त्याबद्दल अनुचित लाभाचा दावा. दुसरी, बराकीची सामाईक जागा फुकट साफ करायला लावणं, नाही म्हटलं तर एकांत कोठडीची धमकी. त्यासाठी मानवी तस्करीविरोधी कायद्यातलं सक्तीच्या मजुरीचं कलम. निकषांप्रमाणे बंदीने स्वतःची खाट, स्वतःची जागा आवरायची असते आणि त्याला मोबदला नाही. भांडण सुरू होतं ते 'स्वतःची जागा' कुठे संपते यावर.

ऑरोरात कंपनीने १९४० च्या यर्सली निकालाची ढाल पुढे केली. तो खटला मिसुरी नदीचा. ठेकेदाराने सरकारच्या सांगण्यावरून बांध घातले, शेजाऱ्याची जमीन वाहून गेली. न्यायालय म्हणालं, सरकारने अधिकारात राहून सांगितलं तेच केलं असेल तर ठेकेदार जबाबदार नाही. इथे खालच्या कोर्टाने २०२२ मध्ये विचारलं, बराक फुकट साफ करून घ्या आणि नकार दिला तर कोंडा, असं आइसने कुठे सांगितलं होतं? ढाल नाकारली. त्या नकारावर खटला संपण्याआधीच अपील करता येतं का, एवढ्याच मुद्द्यावर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण दाखल करून घेतलं. २०१४ चा दावा, आणि अकरा वर्षांनी वाद कशाचा, तर अपील आत्ता की नंतर.

---

तळटीप

बॅरिस्टरपोहे, सुरेख. यात माझी भर राज्यांच्या कायद्यांबद्दल. 'राज्य काही करू शकत नाही' आणि 'राज्य सगळं करू शकतं' ही दोन्ही टोकं चूक आहेत.

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये खासगी डिटेन्शनवर सरळ बंदी घातली. नवव्या सर्किटच्या विस्तारित पीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी ती चालणार नाही असं ठरवलं. केंद्र सरकारने आपलं काम कुणाकडून करून घ्यावं यावर राज्य नकाराधिकार वापरू शकत नाही. वॉशिंग्टननेही २०२१ मध्ये बंदीचा कायदा केला होता, तो यामुळे कागदावरच राहिला. न्यू जर्सीचा कायदा तिसऱ्या सर्किटने जुलै २०२५ मध्ये पाडला, एलिझाबेथमधल्या कोअरसिव्हिक कंपनीच्या केंद्राच्या निमित्ताने. इलिनॉयचा कायदा मात्र सातव्या सर्किटमध्ये टिकला. कारण त्याने खासगी कंपनीला हात न लावता आपल्याच काउंट्यांना सांगितलं की आइसला तुरुंग भाड्याने देऊ नका. आपल्या घरच्यांना दटावायला राज्य मोकळं आहे.

म्हणजे सरसकट बंदी घालता येत नाही, पण सगळ्यांना लागू असलेला सर्वसाधारण कायदा लावता येतो. खरी चुरस मधल्या पट्ट्यात आहे. वॉशिंग्टनने २०२३ मध्ये दुसरा कायदा केला. ताजं सकस अन्न, स्वच्छ कपडे-अंथरूण, प्रत्यक्ष भेटी, फोन, आणि राज्याच्या आरोग्य खात्याची न कळवता तपासणी. तपासनीस दाराशी गेले, त्यांना आत घेतलं नाही. कंपनी कोर्टात गेली की हा कायदा फक्त आम्हाला डोळ्यासमोर ठेवून केलाय. मार्च २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने काही कलमांना अंतरिम मनाई केली. ऑगस्ट २०२५ मध्ये नवव्या सर्किटने ती मनाई उठवून प्रकरण परत पाठवलं.

इथला मुद्दा फार बारीक आणि फार सुंदर आहे. 'भेदभाव' म्हणजे तुलना. तुलना कुणाशी करायची? कंपनी म्हणते राज्याच्या तुरुंगांशी, त्यांना हे नियम लावत नाही ना? वरिष्ठ न्यायालय म्हणालं, तुरुंगात शिक्षा झालेले असतात. तुलना करायची तर राज्यातल्या इतर दिवाणी बंदिस्त जागांशी करा, उदाहरणार्थ मनोरुग्णांना सक्तीने ठेवतात त्या उपचारगृहांशी. रानवाराने वर 'हे शिक्षा भोगत नसतात' म्हटलंय ना, तेच इथे कामाला आलं.

---

आगाऊ_अर्ज

थोडक्यात काय, पैसे घेताना कंपनी, जबाब देताना सरकार. 😀

---

तळटीप

विनोद म्हणून ठीक, पण न्यायालयं दर वेळी तसं होऊ देत नाहीत. बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबिअसची याचिका घ्या. ती 'ज्याच्या ताब्यात माणूस आहे' त्याच्याविरुद्ध करायची असते. वकील वर्षानुवर्षं आइसच्या फील्ड ऑफिस डायरेक्टरचं नाव घालत. २०२४ मध्ये नवव्या सर्किटने कॅलिफोर्नियातल्या जीईओच्याच दुसऱ्या केंद्राच्या प्रकरणात सांगितलं की प्रतिवादी म्हणून त्या केंद्राचा प्रमुख हवा, तो कंपनीचा नोकर असला तरी. आणि याचिका माणूस जिथे कोंडलाय त्याच जिल्ह्यात. म्हणजे इथे कंपनीचा माणूस कायद्याने जेलर ठरला.

---

झुळूक

कायद्याचा कीस पाडून झाला असेल तर जरा जमिनीवर येऊ. कुणी धरलं गेलं तर घरच्यांनी काय करायचं? मी क्रमाने लिहिते. टॅकोमा धरून लिहितेय, पण बहुतेक सगळं इतरत्रही लागू आहे.

आधी माणूस शोधा. आइसचं ऑनलाइन लोकेटर आहे. दोन मार्ग. 'ए' नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला नोंद क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा नाव-आडनाव आणि जन्मदेश. ए-नंबर नऊ आकडी भरायचा, आठच आकडे असतील तर पुढे शून्य लावा. अठरा वर्षांखालचे त्यात दिसत नाहीत. सुटलेला माणूस साठ दिवसांपर्यंत दिसतो.

नावाने शोधताना आपली मंडळी हमखास अडकतात, कारण तिथे स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम' च्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून असतं. नोंद करणारा कधी दोन्ही घेतो, कधी पहिलंच. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अख्खं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' बसतं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. क्षीरसागरचा 'क्ष' के-एस-एच आहे की एक्स, हे पासपोर्टवर बघूनच लिहा. आठवणीने लिहू नका. वडिलांच्या नावासह, त्याच्याशिवाय, एफएनयू घालून असे तीन प्रयत्न करा. तरी नाही सापडलं तर फील्ड ऑफिसला फोन. धरल्याबरोबर पहिला दिवसभर नोंद दिसेलच असं नाही.

मग वकील. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. हक्क आहे, पण पदरचे पैसे घालून. टॅकोमात नॉर्थवेस्ट इमिग्रंट राइट्स प्रोजेक्ट ही संस्था आतल्या लोकांना मोफत मार्गदर्शन करते, काहींचे खटलेही घेते. वकिलाला आइसशी बोलायला जी-२८ हा वकीलपत्राचा फॉर्म लागतो आणि कोर्टात उभं राहायला वेगळा ईओआयआर-२८. जी-२८ वर बंदीची सही हवी. ती मिळेपर्यंत आइस वकिलाशी प्रकरणावर बोलत नाही. पहिले दोन दिवस इथेच जातात.

वाणिज्य दूतावास. व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे बंदीने मागितलं तर कळवावंच लागतं. पण भारत आपोआप कळवायच्या देशांच्या यादीत नाही. बंदीने स्वतः 'कळवा' म्हणायला हवं. सिअ‍ॅटलमध्ये २०२३ पासून भारताचा वाणिज्य दूतावास आहे. तो जामीन मिळवून देत नाही. माणूस कुठे आहे, तब्येत कशी आहे एवढी विचारपूस करतो, कागदपत्रं देतो.

बाँड, म्हणजे प्रकरण चालू असताना सुटण्यासाठी भरायची अनामत, त्याबद्दल स्वतंत्र लिहिते, ते मोठं आहे.

---

मिरजमळा

झुळूकताई, बाँडचं येऊद्या लवकर. व्हिसावर येऊन मुदत संपलेल्यांना बाँड मिळतो का? सप्टेंबर २०२५ पासून बंद झालाय असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय.

---

झुळूक

व्हॉट्सअ‍ॅप अर्धं खरं बोलतंय, आणि ते अर्धंच घातक आहे.

५ सप्टेंबर २०२५ ला बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने, म्हणजे इमिग्रेशन न्यायाधीशांच्या वरच्या अपील मंडळाने, ठरवलं की तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेल्यांना, वर्षानुवर्षं आत राहिले असले तरी, बाँड देण्याचा अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशाला नाही. व्हिसावर, विमानतळावर शिक्का मारून आलेला माणूस त्यात मोडत नाही. शिक्षणाच्या एफ-१ किंवा नोकरीच्या एच-१बी व्हिसाची मुदत संपली, दर्जा गेला, तरी तो रीतसर प्रवेश घेतलेला आहे. त्याचं इमिग्रेशन कायद्यातलं कलम वेगळं, २३६ (ए), आणि तिथे बाँड मागता येतो. ठरावीक गुन्हे असतील तर २३६ (सी), तिथे सक्तीची कोठडी. आपल्याकडच्या नोकरी-शिक्षणवाल्यांची बहुतेक प्रकरणं पहिल्या गटात येतात.

गंमत म्हणजे सीमा ओलांडून आलेल्यांना बाँड नाकारायची ही पद्धत टॅकोमाच्या कोर्टात बोर्डाच्या निर्णयाआधीपासून होती. त्याविरुद्ध मार्च २०२५ मध्ये सामूहिक दावा झाला आणि ३० सप्टेंबर २०२५ ला तिथल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने बंदींच्या बाजूने निकाल दिला. बोर्ड एक म्हणतं, जिल्हा न्यायालय दुसरं. त्यामुळे सीमा ओलांडून आलेल्यांची प्रकरणं हेबिअसमार्गे केंद्रीय न्यायालयात जातात. या बाबतीत महिन्याभरापूर्वीचा सल्लाही शिळा समजा. वकिलाला त्या दिवशीची स्थिती विचारा.

आता बाँडची सुनावणी. अर्ज तोंडी, लेखी कसाही चालतो. फी नाही. कायद्याने किमान रक्कम १,५०० डॉलर, प्रत्यक्षात बरीच जास्त लागते. सिद्ध करायची जबाबदारी बंदीवर असते. दोनच गोष्टी: समाजाला धोका नाही, आणि पळून जाणार नाही. पहिलीत नापास झालात तर न्यायाधीश दुसरीकडे बघतही नाही.

पहिलीत आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडतं ते दारू पिऊन गाडी चालवणं. 'तिकडे सगळेच करतात' ही समजूत इथे महागात पडते. बोर्डाच्या २०१८ च्या निर्णयाप्रमाणे ती गंभीर बाब धरली जाते आणि नोकरी, घरदार, मुलंबाळं यांनी ती पुसली जात नाही. अशा वेळी पोलिसांचा अहवाल पुरत नाही. न्यायालयाचा अंतिम आदेश आणि वर्ग-समुपदेशन पूर्ण केल्याचे दाखले जोडा.

दुसरीसाठी लागतं ते पक्का अमेरिकन पत्ता, त्या पत्त्यावर ठेवून घेणाऱ्याचं पत्र आणि त्याचा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डचा पुरावा, कर विवरणपत्रं, मुलांच्या शाळेचे कागद, आणि पुढे हद्दपारीविरुद्ध कोणता अर्ज करता येतो त्याचा आधार. गावाकडून सातबारा, फ्लॅटची इंडेक्स टू मागवू नका. भारतात मालमत्ता भक्कम आहे हे दाखवून 'हा इथून पळणार नाही' हे सिद्ध होत नाही, झालं तर उलटंच होतं. मराठी कागद जोडायचाच असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र हवं. दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे, एवढं त्यात लिहिलेलं असावं. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही.

पहिली सुनावणी घाईने उरकून घेऊ नका. दुसऱ्यांदा मागायची तर परिस्थितीत ठळक बदल झाला हे लेखी दाखवावं लागतं. अर्धवट कागद घेऊन जाण्यापेक्षा आठवडाभर पुढची तारीख घेतलेली बरी. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत बोर्डाकडे अपील.

---

आगाऊ_अर्ज

आणि बाँड मिळाला तरी सरकार अडवू शकतं ना?

---

झुळूक

हो. सरकारी वकिलाने निर्णयाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ईओआयआर-४३ हा फॉर्म दाखल केला की बाँडला आपोआप स्थगिती मिळते, न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. त्यासाठी सुरुवातीला आइसने बाँड पूर्ण नाकारलेला किंवा दहा हजार अथवा त्यावर ठरवलेला असला पाहिजे. असं झालं तर पुन्हा हेबिअस.

---

कडेकपार

आतल्या परिस्थितीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. तक्रार कुठे करायची हे, चूक कुणाच्या माणसाची आहे, यावर ठरतं. इथेच लोक वर्ष वाया घालवतात.

टॅकोमात पहारा, जेवण, कपडे, साफसफाई कंपनीकडे. वैद्यकीय सेवा मात्र आइसच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजे सरकारी. समजा मधुमेह्याला इन्सुलिन वेळेवर मिळालं नाही. निकषांप्रमाणे आत आल्यावर बारा तासांत प्राथमिक तपासणी आणि चौदा दिवसांत पूर्ण तपासणी हवी. चूक सरकारी डॉक्टर-नर्सची असेल तर नुकसानभरपाईचा दावा केंद्र सरकारवर. आधी एसएफ-९५ फॉर्म, दोन वर्षांच्या आत, आणि त्यात रकमेचा ठोस आकडा. 'योग्य ती भरपाई' लिहिलंत तर दावा गणलाच जात नाही. सहा महिने उत्तराची वाट, मग कोर्ट. पण पहारेकऱ्याने निरोपच पुढे नेला नाही म्हणून उशीर झाला असेल तर? तो कंपनीचा नोकर. केंद्र सरकारवरचा दावा ठेकेदाराच्या नोकरांना लागू नाही. तिथे राज्याच्या कायद्याखाली कंपनीवर निष्काळजीपणाचा दावा. आणि घटनात्मक हक्कभंगाबद्दल खासगी पहारेकऱ्यावर थेट नुकसानभरपाईचा दावा २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद केलाय. त्या प्रकरणातलं तुरुंगही याच कंपनीने चालवलेलं होतं.

म्हणून रोज टिपून ठेवायचं: तारीख, वेळ, कुणाला सांगितलं, त्याच्या गणवेशावर काय लिहिलं होतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज दिला की प्रत मागा. प्रत मिळाली नाही तर तोच मजकूर त्याच दिवशी घरी फोनवर सांगून लिहून घ्यायला सांगा. फोन ध्वनिमुद्रित होतात हे लक्षात ठेवून. वकिलाशी बोलायची गोपनीय लाइन वेगळी मागावी लागते.

एकांत कोठडी दोन प्रकारची. शिस्तभंगाची आणि प्रशासकीय. दुसरी 'तुमच्याच सुरक्षेसाठी' या नावाखाली येते आणि लांबते. चौदा दिवस सलग झाले की फील्ड ऑफिसकडे कळवून फेरआढावा व्हायला हवा, असा आइसचा २०१३ चा आदेश आहे. फेरआढावा म्हणजे सुटका नव्हे. मार्च २०२४ मध्ये टॅकोमात जो बंदी मरण पावला, तो जवळजवळ चार वर्षं एकांतात होता.

वरच्या तक्रार यंत्रणा, म्हणजे होमलँड सिक्युरिटी या अंतर्गत सुरक्षा खात्याचं नागरी हक्क कार्यालय आणि डिटेन्शन लोकपाल, मार्च २०२५ मध्ये जवळपास रिकाम्या केल्या. तिथे अर्ज टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. खासदाराच्या, म्हणजे काँग्रेस सदस्याच्या, स्थानिक कार्यालयाकडे बंदीच्या सहीचं गोपनीयता संमतीपत्र दिलं की ते आइसला विचारणा करतात. उत्तर बहुतेक साचेबद्ध येतं, पण 'आम्हाला माहीतच नव्हतं' हा बचाव उरत नाही.

---

तळटीप

कडेकपार यांच्या मुद्द्याला एक जोड. बदली. खाटा भरल्या की किंवा काहीही कारणाने आइस माणसाला रातोरात टेक्सास-लुइझियानाला हलवू शकतं. हेबिअस माणूस ज्या जिल्ह्यात आहे तिथेच दाखल होते, म्हणून विमान उडण्याआधी दाखल झालेली याचिका आणि नंतरची याचिका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी दाखल झाली तर बदली झाली तरी अधिकार त्याच कोर्टाकडे राहतो. फी फक्त पाच डॉलर. 'ताब्यातून या जिल्ह्याबाहेर नेऊ नये' अशी तातडीची मागणी सोबतच जोडायची, नंतर नव्हे.

---

लिंबूटिंबू

वाचनखूण साठवली. शेवटची शंका. बाँडचे पैसे कसे भरतात आणि परत मिळतात का?

---

झुळूक

फौजदारी जामिनासारखे दहा टक्के भरून चालत नाही, आइसला पूर्ण रक्कम लागते. सीबाँड्स नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे, पैसे बँकेतून वायरने किंवा एसीएचने, म्हणजे बँक-ते-बँक इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाने, जातात. क्रेडिट कार्ड नाही, भारतातून थेट नाही. भरणारा नागरिक, ग्रीन कार्डवाला, वकिलाची फर्म किंवा संस्था असावी लागते. एच-१बी वरच्या मित्राने पैसे द्यावेत, पण भरणारा म्हणून नाव दुसऱ्याचं लावावं. आणि दोघांनी आपसात कागद करून ठेवावा, कारण परतावा ज्याचं नाव त्यालाच मिळतो. बाँड कंपन्या पूर्ण रक्कम भरतात, पण त्यांचं कमिशन परत येत नाही. वर पायाला जीपीएस आणि त्याचं महिन्याचं भाडं.

सुटका बहुधा संध्याकाळी होते. टाइडफ्लॅट्समध्ये त्या वेळी चिटपाखरू नसतं. गेटबाहेर एआयडी नॉर्थवेस्ट या संस्थेची आरव्ही, म्हणजे घरासारखी मोठी गाडी, उभी असते, तिथे फोन, जॅकेट, बसची माहिती मिळते. तरी घरून गाडी पाठवलेली बरी.

प्रकरण संपल्यावर, म्हणजे केस जिंकली किंवा आदेशाप्रमाणे देश सोडला, आय-३९१ ही बाँड रद्द झाल्याची नोटीस येते. ती आणि मूळ पावती, आय-३०५, व्हरमाँटमधल्या विलिस्टनच्या डेट मॅनेजमेंट सेंटरला पाठवायची. पावती हरवली असेल तर तिच्याऐवजी आय-३९५ प्रतिज्ञापत्र, नोटरीसह. मधल्या तीन-चार वर्षांत भरणाऱ्याने घर बदललं असेल तर आय-३३३ भरून पत्ता कळवलेला असला पाहिजे. नाहीतर 'माणसाला अमुक तारखेला हजर करा' ही आय-३४० नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, कुणी हजर होत नाही, आणि बाँड जप्त होतो.